फेअरवे ड्रायव्हर कसा निवडावा: डिस्कवरचे चार आकडे आणि तुमचा हात

डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिस्बीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायचा खेळ. त्याच्या दुकानात भिंतभर रंगीत डिस्का टांगलेल्या असतात आणि जवळपास प्रत्येकीवर चार आकडे छापलेले असतात. नवीन खेळाडूची नजर पहिल्या आकड्यावर जाते, कारण तो स्पीडचा असतो, आणि स्पीड जास्त म्हणजे डिस्क लांब जाणार असं वाटणं साहजिक आहे. मग १२ किंवा १३ स्पीडचा डिस्टन्स ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब फेकायची डिस्क, घरी येतो, आणि दर फेकीला तो डावीकडे वळून मिडरेंजच्याही, म्हणजे मधल्या अंतराच्या डिस्कच्याही, अलीकडे जमिनीत रुततो. त्यात दोष ना त्या डिस्कचा ना फेकणाऱ्याचा. त्या डिस्कला जेवढा वेग लागतो तेवढा त्या हातातून अजून निघत नाही, एवढंच.

पटर (बास्केटजवळून टाकायची डिस्क) आणि मिडरेंज हातात बसले की पुढची डिस्क फेअरवे ड्रायव्हरच असावी, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. आणि तो निवडताना पहिल्या आकड्यापेक्षा शेवटचे दोन आकडे आणि स्वतःचा हात यांना जास्त मान द्यायचा. हा लेख त्या निवडीबद्दल आहे. न्यू जर्सी, बे एरिया किंवा डॅलसकडे राहणारी अनेक मराठी घरं शनिवार-रविवारी जवळच्या पार्कातल्या बास्केटकडे वळू लागली आहेत. त्यांच्यासाठी, आणि भारतात अल्टिमेट, म्हणजे डिस्क एकमेकांना पास करत खेळायचा सांघिक खेळ, खेळून इकडे आलेल्यांसाठीही, यात थोडं जास्त आहे.

सगळीकडे मी उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, फेकणारा खेळाडू गृहीत धरला आहे. डावखुऱ्यांनी आणि उजव्या हाताने फोरहँड (त्याच हाताच्या बाजूने, तळहात पुढे ठेवून) फेकणाऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

फेअरवे ड्रायव्हर म्हणजे नेमकी कोणती डिस्क

१९८३ साली डेव्ह ड्युनिपेस यांनी डिस्कचा काठ बाहेरच्या बाजूने उतरता केला, आणि साध्या फ्रिस्बीपेक्षा वेगळी, हवा कापत जाणारी गोल्फ डिस्क जन्माला आली. त्याच साली सुरू झालेली इनोव्हा ही त्यांची कंपनी. काठ जितका रुंद आणि धारदार, तितकी डिस्क वेगवान. पटरचा काठ बोथट आणि अरुंद असतो, डिस्टन्स ड्रायव्हरचा रुंद. फेअरवे ड्रायव्हर या दोघांच्या मध्ये येतो. आकड्यांत सांगायचं तर स्पीड ६ ते ९, आणि काठाची रुंदी साधारण दीड सेंटीमीटरपासून दोनच्या आसपास.

ही रुंदी नुसती उडण्यापुरती महत्त्वाची नाही. बोटं काठाच्या आतल्या बाजूला टेकतात, आणि हात लहान असेल तर अडीच सेंटीमीटरचा काठ मुठीत नीट मावत नाही. पकड सैल पडली की डिस्क हातातून आधी निसटते किंवा उशिरा सुटते. म्हणून दिवसभर खेळूनही हाताला त्रास न देणारी, सुटताना दगा न देणारी ड्रायव्हर म्हणून मी फेअरवेचंच नाव घेईन.

पहिली पायरी: आधी स्वतःचा हात मोजा

दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ मैदानावर काढा. अमेरिकेत याची उत्तम सोय म्हणजे शाळेचं फुटबॉल मैदान. गोल लाइनपासून गोल लाइनपर्यंत १०० यार्ड, म्हणजे ३०० फूट, आणि दर ५ यार्डांवर रेघ आखलेली. अंतर मोजायला वेगळं काही लागत नाही. मैदान नसेल तर यूडिस्क ॲपमध्ये फेक मोजायची सोय आहे, तीही चालते.

गोल लाइनवर उभं राहून आपली रोजची मिडरेंज फेका. वारा नसलेली वेळ निवडा. धावत येऊन जीव तोडून मारलेली एखादी फेक धरायची नाही. दहा-बारा फेकी मारा, सगळ्यांत लांबची आणि सगळ्यांत वाईट सोडून द्या, आणि उरलेल्या जिथे घोळक्याने पडल्या ते अंतर लिहून ठेवा.

त्यावरून माझा ठोकताळा असा. मिडरेंज १८० फुटांच्या आत पडत असेल, तर ड्रायव्हरचे पैसे वाचवा आणि आहे त्याच डिस्कवर महिना-दोन महिने घालवा. १८० ते २३० फूट जात असेल, तर ६ किंवा ७ स्पीडची, टर्न जास्त आणि फेड कमी असलेली डिस्क घ्या (हे दोन शब्द पुढच्या पायरीत उलगडतील). २३० ते २८० च्या पट्ट्यात असाल तर ७ स्पीडच्या जवळपास सगळ्या डिस्का आकड्यांप्रमाणे उडायला लागतात. त्याच्या पुढे गेलात की ९ स्पीडचा विचार करायला हरकत नाही.

अंतराच्या बाबतीत मन अधीर होत असेल तर २०२१ ची जागतिक स्पर्धा आठवा. युटातल्या ऑग्डेनमध्ये, शेवटच्या दिवशी, शेवटच्या होलवर जेम्स कॉनराडने सुमारे ७५ मीटरवरून थेट बास्केटमध्ये फेक घातली, आघाडीवरच्या पॉल मॅकबेथशी बरोबरी साधली आणि मग प्लेऑफ जिंकला. त्या फेकीला त्याच्या हातात पटर होता.

दुसरी पायरी: चार आकडे ओळीने

चार आकड्यांची ही पद्धत इनोव्हाची, पण आता बहुतेक कंपन्या तीच वापरतात. ओळ ठरलेली असते: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड.

स्पीड म्हणजे हवा नीट कापत जायला त्या डिस्कला लागणारा वेग. ती किती वेगाने *जाईल* हे त्यात सांगितलेलं नसतं, तिला किती वेग *लागतो* हे सांगितलेलं असतं. हा फरक डोक्यात पक्का बसला की अर्धी निवड सोपी होते. ग्लाइड म्हणजे हवेत तरंगून राहण्याची वृत्ती. तो १ ते ७ मध्ये असतो. ५ किंवा ६ ग्लाइडची डिस्क कमी ताकदीतही पुढे सरकत राहते. ३ ची डिस्क आपली उंची लवकर सोडते, आणि कधी कधी नेमकं तेच हवं असतं.

आता टर्न आणि फेड. इथे जरा थांबू, कारण निवडीचा जीव इथे आहे.

डिस्क म्हणजे हवेत आडवा फिरणारा भोवरा. फिरत्या भोवऱ्याला एका बाजूने ढकललं तर तो त्या दिशेला न पडता काटकोनात भलतीकडेच झुकतो. डिस्कचंही तसंच होतं. उजव्या हाताच्या बॅकहँडने फेकलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असते. हातातून सुटल्यावर ती वेगात आणि जवळपास सपाट असते. अशा वेळी हवेचा उचल देणारा जोर डिस्कच्या मध्याच्या किंचित मागे पडतो, म्हणजे पुढची बाजू खाली दाबली जाते. पण डिस्क फिरत असल्याने ती पुढे झुकण्याऐवजी उजवीकडे कलते. हा टर्न. पुढे वेग ओसरतो, डिस्क खाली येऊ लागते आणि हवा तिला खालून जास्त लागते. आता तोच जोर मध्याच्या पुढे सरकतो आणि पुढची बाजू उचलू पाहतो. परिणाम मात्र आडवा: डिस्क डावीकडे कलते. हा फेड.

टर्नचा आकडा साधारण +१ पासून -५ पर्यंत जातो. जितका उणे, तितकी डिस्क सुरुवातीला उजवीकडे वळायला तयार. फेडचा आकडा ० पासून ५ पर्यंत. जितका मोठा, तितकी शेवटी डावीकडे ओढ जास्त. उजवीकडे सहज वळणाऱ्या डिस्कला अंडरस्टेबल म्हणतात, वळायला नकार देऊन लवकर डावीकडे जाणारीला ओव्हरस्टेबल.

एक लक्षात ठेवा. हे आकडे कोणत्याही सरकारी किंवा स्वतंत्र यंत्रणेने तपासलेले नसतात. डिस्क गोल्फची संघटना पीडीजीए डिस्कचं माप, वजन आणि आकार तपासून मान्यता देते, पण उड्डाणाचे आकडे ज्या त्या कंपनीचे. त्यामुळे एका कंपनीचा -१ दुसरीच्या -२ सारखा उडू शकतो. एकाच कंपनीच्या दोन डिस्का तोलताना आकडे खूप उपयोगी पडतात, दोन कंपन्यांच्या तोलताना थोडे कमी.

तिसरी पायरी: शेवटचे दोन आकडे एकत्र वाचा

टर्न आणि फेड यांची बेरीज केली की डिस्कचा एकंदर कल कळतो. बेरीज उण्यात गेली तर ती उजवीकडे झुकणारी, शून्याच्या आसपास असली तर सरळ, २ च्या पुढे गेली तर डावीकडे जाणारी. इनोव्हाच्या तीन जुन्या, सगळीकडे मिळणाऱ्या डिस्का घेऊ.

लेपर्ड: ६, ५, -२, १. बेरीज -१. मध्यम वेगात सरळ जाते, जोरात मारली की उजवीकडे वळते आणि शेवटी थोडीशीच परत येते.

टीबर्ड: ७, ५, ०, २. बेरीज २. पुरेसा वेग मिळाला तर लांबपर्यंत सरळ, मग शेवटी सावकाश डावीकडे. बारा वेळा जगज्जेता झालेल्या केन क्लाइमोचं नाव या डिस्कशी जोडलं गेलं आहे ते उगाच नाही.

फायरबर्ड: ९, ३, ०, ४. बेरीज ४. डावीकडे जाणारच, आणि जोरात जाणार. वाऱ्यातही, वाकड्या फेकीतही.

पण बेरजेवर पूर्ण विसंबू नका, कारण ती आकार लपवते. इनोव्हाचीच ईगल बघा: ७, ४, -१, ३. तिचीही बेरीज २, टीबर्डइतकीच. तरीही ती आधी उजवीकडे थोडी सरकते आणि मग टीबर्डपेक्षा जास्त जोराने डावीकडे येते. वरून पाहिलं तर तिची वाट इंग्रजी एस अक्षरासारखी ताणलेली दिसते. जंगलातल्या अरुंद वाटेत मला टीबर्डची वाट आवडते. उघड्या मैदानात एखाद्या झाडाला उजवीकडून वळसा घालून बास्केटपाशी परत यायचं असेल तर ईगलची.

तसंच लॅटिट्यूड ६४ या स्वीडिश कंपनीची रिव्हर: ७, ७, -१, १. बेरीज शून्य, आणि ग्लाइड सात. हळू हातातूनही ती इतका वेळ हवेत राहते की पहिल्यांदा फेकणाऱ्याला आपण अचानक सुधारलो असं वाटतं. पण तोच ग्लाइड वाऱ्यात उलटतो. तरंगणारी डिस्क वाऱ्यालाही स्वतःला वाहून नेऊ देते.

चौथी पायरी: आकडे तुमच्या हाताला लावून बघा

डिस्कवर छापलेले आकडे ती डिस्क तिला लागणाऱ्या वेगाने फेकली तर खरे ठरतात. तुमच्या हातातून तेवढा वेग निघत नसेल, तर टर्न दिसतच नाही. उरतो तो फेड, आणि तोही लवकर सुरू होतो. त्यामुळे हळू हाताच्या माणसाला टीबर्ड फायरबर्डसारखी वाटते आणि लेपर्ड टीबर्डसारखी. उलट ज्याची मिडरेंज ३०० फुटांपुढे जाते, त्याच्या हातात लेपर्ड सपाट सोडली तर ती उजवीकडे उलटून जमिनीवर लोळत जाऊ शकते.

म्हणून पहिला फेअरवे ड्रायव्हर निवडताना साधा नियम: तुम्हाला *सरळ* उडणारी डिस्क हवी आहे, आणि सरळ कोणती ते तुमचा हात ठरवतो. १८० ते २३० फुटांच्या हाताला टर्न -२ किंवा -३ आणि फेड १ असलेली डिस्क सरळ उडेल. लेपर्ड त्यासाठी उत्तम. वेस्टसाइड कंपनीची अंडरवर्ल्डही, ७, ६, -३, १. २३० ते २८० च्या हाताला -१, १ ते ०, २ पर्यंतचं काहीही. ९ स्पीडला पोहोचलेल्या हातासाठी इनोव्हाची थंडरबर्ड, ९, ५, ०, २, हा टीबर्डचाच स्वभाव जास्त वेगात.

दर फेकीला डिस्क डावीकडे जाते म्हणून अजून अंडरस्टेबल डिस्क घ्यायला धावण्याआधी एक गोष्ट तपासा. मित्राला बाजूला, तुमच्या फेकीच्या रेषेला काटकोनात उभं करा आणि मोबाइलवर डिस्क सुटतानाचा क्षण टिपायला सांगा. डिस्कची पुढची कड वर उचललेली दिसत असेल, तर हवा तिला पहिल्यापासूनच खालून लागते आहे. ती वर चढेल, थबकेल आणि डावीकडे पडेल, मग टर्न -४ असो वा ०. हा दोष डिस्क बदलून जात नाही. मनगट आणि तळहाताचा कोन खाली आणावा लागतो. नवीन खेळाडूंना ओव्हरस्टेबल वाटणाऱ्या बऱ्याचशा डिस्का खरं तर उचललेल्या कडेने फेकलेल्या साध्या डिस्का असतात.

पाचवी पायरी: तुमच्या पार्कात काय लागतं

तुम्ही बहुतेक वेळा कुठे खेळता ते बघा. मॅसॅच्युसेट्समधलं मेपल हिल किंवा केंटकीतलं आयडलवाइल्ड यांसारख्या झाडीतल्या कोर्सवर वाट अरुंद असते आणि पहिल्या दीडशे फुटांत डिस्क कुठेही भरकटून चालत नाही. तिथे सरळ, कमी फेडची डिस्क पाहिजे.

हायझर फ्लिप ही फेक अशा ठिकाणी फार कामाची. अंडरस्टेबल डिस्क डावीकडे थोडी कलती ठेवून जोरात सोडायची. तिचा टर्न तिला सपाट करतो आणि मग ती झाडांमधून सरळ निघते. लेपर्ड किंवा इनोव्हाची साइडवाइंडर, ९, ५, -३, १, यासाठीच बनल्यासारख्या आहेत.

कॅलिफोर्नियात सांता क्रूझचं डी लाव्हेआगा मात्र वेगळंच. उतारच उतार, आणि बास्केट उताराच्या कडेला. इथे डिस्क बास्केटपाशी *कशी टेकते* हा प्रश्न डिस्क किती लांब गेली यापेक्षा मोठा. फायरबर्डसारखी डिस्क शेवटी तिरकी होऊन कडेवर पडते. सपाट जमिनीवर ती छान घसरत डावीकडे सरकते, पण उतारावर कड पकडून चाकासारखी खाली पळत सुटते आणि तुमची पुढची फेक दुप्पट लांब करून ठेवते. अशा जागी फेड १ ची, सपाट होऊन बसणारी डिस्क बरी.

बास्केट डावीकडे झाडामागे लपलेलं असेल, किंवा डावीकडे जागा मोकळी आणि उजवीकडे पाणी असेल, तर फायरबर्ड किंवा डायनॅमिक डिस्क्स कंपनीची फेलन यांचा भरवसा धरा. त्या कुठे जाणार हे आधीच माहीत असतं. बास्केट उजवीकडे असेल तर बॅकहँडने अंडरस्टेबल डिस्क उजवीकडे कलवून फेकता येते, नाहीतर फोरहँड.

फोरहँडचा विषय निघालाच आहे तर भारतात अल्टिमेट खेळलेल्यांसाठी एक सूचना. अल्टिमेटची डिस्क १७५ ग्रॅमची असते आणि व्यासाने गोल्फ डिस्कपेक्षा बरीच मोठी, आणि त्या खेळातला फ्लिक म्हणजेच इथला फोरहँड. तुमचा फ्लिक चांगला बसलेला असेल तर तो इथे मोठा फायदा आहे. पण फोरहँडमध्ये मनगटाचा झटका डिस्कला सुटताना थोडं डगमगवतो, आणि डगमगणारी अंडरस्टेबल डिस्क हमखास उलटते. म्हणून फोरहँडसाठी घ्यायची फेअरवे डिस्क बॅकहँडच्या डिस्कपेक्षा एक पायरी ओव्हरस्टेबल असू द्या. लेपर्ड बॅकहँडसाठी घेतलीत तर फोरहँडसाठी टीबर्ड किंवा ईगल बघा. तुमचा फ्लिक फारच जोरदार असेल तर फायरबर्ड.

सहावी पायरी: दुकानात हातात घेऊन तपासा

एकाच नावाच्या, एकाच प्लास्टिकच्या दोन डिस्काही वेगळ्या उडतात. साचा तोच असला तरी प्लास्टिक थंड होताना कमी-जास्त आक्रसतं. म्हणून शक्य असेल तिथे ऑनलाइन न मागवता हातात घेऊन निवडा.

डिस्कचा काठ नीट निरखलात तर बाहेरच्या बाजूला साच्याचे दोन भाग जुळल्याची बारीक रेघ दिसते. ही रेघ जितकी उंच, तितकी डिस्क ओव्हरस्टेबल. मोजपट्टी लागत नाही. एकाच नावाच्या दोन डिस्का काचेच्या काउंटरवर ठेवा आणि कड कडेला भिडवा. खाली वाकून बघा. जिचं टोक दुसरीच्या वर चढतं ती जास्त ओव्हरस्टेबल. सरळ उडणारी पहिली डिस्क हवी असेल तर खालचं टोक असलेली उचला.

मग माथा बघा. फुगीर माथ्याची डिस्क सहसा जास्त तरंगते, सपाट माथ्याची वाऱ्यात जास्त ताठ राहते. अंगठ्याने मध्यभागी हलकेच दाबून फुगवटा किती भक्कम आहे तेही कळतं. हे करताना दुकानदाराला विचारून घ्या. काही जणांना डिस्क दाबलेली आवडत नाही.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. इनोव्हाचं डीएक्स, डिस्क्राफ्टचं प्रो-डी यांसारखं स्वस्त प्लास्टिक मऊ पकड देतं, पण झाडांवर आपटून लवकर झिजतं. स्टार, चॅम्पियन, डिस्क्राफ्टचं झेड आणि ईएसपी ही महाग आणि टिकाऊ. चॅम्पियन आणि झेड सहसा थोडी जास्त ओव्हरस्टेबल उडतात आणि पावसात निसरडी लागतात. पहिल्या फेअरवेसाठी मी स्टारसारखं प्लास्टिक सुचवेन: पकड चांगली, आणि डिस्क शिकून होईपर्यंत तिचा स्वभाव फारसा बदलत नाही.

वजनाला पीडीजीएची मर्यादा आहे: व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅम. फेअरवे ड्रायव्हर साधारण २१ सेंटीमीटरचे, त्यामुळे जास्तीत जास्त वजन १७५ ग्रॅमच्या आसपास. हलकी डिस्क कमी जोरातही लांब जाते आणि थोडी जास्त उजवीकडे वळते. जड डिस्क वाऱ्यात स्थिर राहते. १८० ते २३० फुटांच्या हाताला १६५ ते १७० ग्रॅम, त्यापुढे १७० ते १७५. मुलांसाठी १५० च्या आसपास. वजन बहुतेक वेळा डिस्कच्या खालच्या बाजूला पेनाने लिहिलेलं किंवा स्टिकरवर छापलेलं असतं.

सातवी पायरी: नवी डिस्क मैदानावर ओळखून घ्या

घरी आणलेली डिस्क थेट स्पर्धेत काढू नका. पुन्हा तेच फुटबॉल मैदान, आणि तीन प्रकारच्या फेकी.

आधी सपाट. डिस्क जमिनीला समांतर सोडा, सत्तर टक्के जोरात. मागे कोणाला तरी मोबाइल धरून उभं करा. फेक जात असताना नजर तिच्या झुकण्यावर ठेवा. ती किती यार्डांवर उजवीकडे कलायला लागली, किती यार्डांवर पुन्हा सपाट झाली, आणि डावीकडे कुठून ओढली गेली, हे तीन बिंदू मैदानावरच्या रेघांवरून टिपता येतात. हे तीन बिंदू म्हणजे त्या डिस्कची तुमच्या हातातली ओळख, आणि ती छापील आकड्यांपेक्षा जास्त खरी.

मग डावीकडे कलवून, म्हणजे हायझर. डिस्क सपाट होते का, की कललेलीच राहून डावीकडे जाते? सपाट झाली तर हायझर फ्लिपला ती योग्य. शेवटी उजवीकडे कलवून, म्हणजे ॲनहायझर. इथे बघायचं ते एवढंच, की डिस्क उजवीकडे धरून राहते की लढत परत येते.

प्रत्येक प्रकार पुरेसा फेका, आणि जोर वाढवायचा मोह आवरा. पूर्ण जोर लावला की डिस्कपेक्षा स्वतःचाच तोल जास्त दिसायला लागतो.

वारा आणि उंची

समोरून वारा असेल तर डिस्कला हवा जास्त वेगाने लागते, म्हणजे ती आहे त्यापेक्षा जास्त अंडरस्टेबल होते आणि उजवीकडे उलटते. समोरच्या वाऱ्यात लेपर्ड पिशवीत ठेवा, टीबर्ड किंवा फायरबर्ड काढा, आणि कमी उंचीवरून फेका. पाठीमागून वारा असेल तर उलट: डिस्क लवकर पडते आणि डावीकडे जाते, तिथे ग्लाइडवाली लेपर्ड किंवा रिव्हर काम देते. आडव्या वाऱ्यात डिस्कची जी बाजू वाऱ्याला दिसते ती महत्त्वाची. पोट दिसलं तर वारा तिला उचलून नेतो, पाठ दिसली तर खाली दाबतो.

उंचीवर हवा विरळ. कोलोरॅडोतलं डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर आहे. तिथे त्याच डिस्का कमी वळतात आणि लवकर डावीकडे जातात. न्यू जर्सीहून तिकडे खेळायला जाणार असाल तर पिशवीत एक जास्त अंडरस्टेबल डिस्क घ्या.

दुसरी डिस्क कधी, आणि कोणती

पहिली डिस्क ओळखीची झाली की लगेच दहा प्रकार गोळा करायचा मोह होतो. त्यापेक्षा *तीच* डिस्क दुसरी घ्या. झाडांवर आपटून आपटून काठ बोथट होतो, ती उंच रेघ खाली येते आणि डिस्क हळूहळू अंडरस्टेबल होत जाते. काही महिन्यांनी तुमच्याकडे एकाच साच्याच्या दोन डिस्का असतात: नवी, थोडी ताठ, आणि जुनी, उजवीकडे सहज वळणारी. हातात पकड तीच, सोडणं तेच, पण वाटा दोन. डीएक्स प्लास्टिकमध्ये हा बदल सगळ्यांत लवकर दिसतो, आणि या एका कामासाठी स्वस्त प्लास्टिक महागापेक्षा सरस आहे.

तिसरी डिस्क मात्र वेगळी असू द्या. सरळ डिस्क असेल तर ओव्हरस्टेबल, फायरबर्डसारखी. ती फार फेकणार नाही तुम्ही, पण समोरून वारा सुटला, झाडाभोवती डावीकडे वळायचं झालं किंवा फोरहँड मारायची वेळ आली की पिशवीत दुसरं काही हाताला लागणार नाही. या तिघींवर एक अख्खा हंगाम निघतो.

प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूला पक्क्या मार्करने नाव आणि फोन नंबर लिहा. अमेरिकेतल्या कोर्सवर सापडलेली डिस्क फोन करून परत देण्याची चांगली रीत आहे. त्याच मार्करने ती डिस्क पहिल्यांदा फेकली तो महिना आणि साल बारीक लिहून ठेवा, म्हणजे कोणती डिस्क किती झिजली आहे हे पिशवी उघडताच कळेल.